गोव्यात कॅमेरा घेऊन गल्लीत उतरताना: स्थानिक माणसाबरोबरच्या पहिल्या फोटोफेरीसाठी

फोंतेन्हासच्या पिवळ्या भिंतीसमोर उभं राहून काढलेला फोटो आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सापडतो. पणजीतल्या या जुन्या वस्तीत सकाळी नऊनंतर गेलात, तर एकाच निळ्या खिडकीखाली फोटोसाठी पाळी लावून उभी असलेली जोडपी दिसतील. काही दारांवर 'फोटो काढू नयेत' अशा पाट्याही दिसतील. त्या पाट्यांमागे राहती घरं आहेत. आत कुणाची आजी पडलेली असते, कुणाची परीक्षा चालू असते, आणि बाहेर दिवसभर अनोळखी माणसं पायरीवर बसून हसत असतात. तिथल्या लोकांचा वैताग मला पूर्णपणे पटतो.

हा लेख वेगळ्या फोटोंसाठी आहे. रस्त्यावर चाललेलं रोजचं जगणं, कुणालाही उभं न करता, काहीही न सजवता टिपायचं, ती स्ट्रीट फोटोग्राफी. गोव्यात ती पहिल्यांदा करत असाल तर एखाद्या स्थानिक माणसाबरोबर करा, असं मी प्रत्येक पाहुण्याला आग्रहाने सांगतो. जागा दाखवायला त्याची गरज नाही, जागा नकाशावर कुणालाही सापडतात. त्याला माणसं ठाऊक असतात, हे महत्त्वाचं. मासळी बाजारात शिरताच ज्याला 'कसो आसा रे?' अशी हाक येते, त्याच्या शेजारी परक्यालाही दहा मिनिटं बिनधास्त उभं राहता येतं. रस्त्यावरच्या फोटोला तेवढीच दहा मिनिटं हवी असतात.

फेरी असते कशी

साधारण दोन ते तीन तास. अंतर फार नसतं, दोन-तीन किलोमीटर, पण चालणं कमी आणि थांबणं जास्त. नेणारा बहुधा स्वतः फोटो काढणारा असतो. कुणी लग्नाच्या ऑर्डरी घेतो आणि उरलेल्या वेळात बाजार टिपतो, कुणी वर्तमानपत्रासाठी काम केलेला असतो, तर कुणी गावच्या इतिहासाचा नाद असलेला शिक्षक.

हेरिटेज फेरी ही निराळी गोष्ट. तिथे वाटाड्या बोलतो आणि मंडळी ऐकतात. फोटोफेरीत बराच वेळ सगळे गप्प असतात. जाहिरातीत दोन्ही प्रकार सरमिसळ केलेले असतात, म्हणून नाव नोंदवतानाच स्पष्ट विचारा: आम्ही किती वेळ एका जागी थांबू? 'पंधरा ठिकाणं दाखवतो' असं उत्तर आलं तर ती फोटोफेरी नव्हे.

कुणाबरोबर जायचं

आधी त्याचे स्वतःचे फोटो मागवा आणि शांतपणे बघा. एकच जागा वेगवेगळ्या ऋतूंत काढलेली दिसते का? माणसांच्या चेहऱ्यावर ओळख दिसते की दचकणं? सगळीच माणसं लांबून, मोठ्या झूमने, पाठमोरी टिपलेली असतील तर त्याची त्या बाजारात ओळख नसणार. मग त्याला पैसे देऊन तुम्हाला काय मिळणार?

मग गट किती जणांचा आहे ते विचारा. चार जण ठीक, सहा म्हणजे खूप. दहा कॅमेरे एकदम एका नुस्तेकारणीवर, म्हणजे मासे विकणाऱ्या बाईवर, रोखले गेले तर तिचा धंदा थांबतो आणि फोटोही कुणाचाच चांगला येत नाही. एकटे किंवा दोघे असाल आणि परवडत असेल तर स्वतंत्र फेरी घ्या. शिकायला तीच उत्तम.

तिसरा प्रश्न थोडा अवघड वाटेल, पण नक्की विचारा: फोटोसाठी कुणाला पैसे देऊन उभं करता का? जाळं फेकून दाखवणारा मच्छीमार किंवा टोपली डोक्यावर घेऊन चार वेळा जाणारी बाई अशी मांडणी कुणी 'व्यवस्था' म्हणून सांगितली तर नम्रपणे नकार द्या. त्यात रस्ता उरत नाही, नाटक उरतं. शिवाय मागून येणाऱ्या प्रत्येकाकडे पैसे मागितले जायला लागतात.

चौथा प्रश्न मार्गाचा. चांगला वाटाड्या वार विचारल्याशिवाय मार्ग सांगत नाही. शुक्रवार असेल तर म्हणेल, म्हापशाला जाऊ. गुरुवार असेल तर बाणस्तारीच्या बाजाराचं नाव काढेल. जो बाराही महिने एकच मार्ग चालवतो त्याच्याबरोबर गेलात तर फोटोही इतरांसारखेच येतील.

असा माणूस सापडतो कुठे? होमस्टेच्या मालकाला विचारणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग, कारण शिफारस चुकली तर त्याचंच नाव जातं. पणजीत आल्तिन्होवरच्या सुनापरान्त कला केंद्रात प्रदर्शनं भरतात, तिथे येणाऱ्यांत फोटो काढणारे असतातच. पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं आहे. तिथल्या गोवा विभागात बसलेल्या वाचकांपैकी एखाद्याशी बोललात तर शहर जाणणारा माणूस भेटू शकतो. कॅमेरा दुरुस्त करणारे आणि फोटो छापून देणारे दुकानदार तर गावातल्या प्रत्येक फोटोवाल्याला ओळखतात. जुन्या गोव्यातल्या चर्चांचा इतिहासही ऐकायचा असेल तर त्यासाठी पर्यटन खात्याकडे नोंदलेला गाइड वेगळा घ्या.

पैशांचं आधीच ठरवा: रक्कम माणशी की गटाची, चहा-नाश्ता त्यात आहे का, पाऊस आला तर काय, आणि शेवटी बसून फोटो बघण्याचा वेळ त्यात धरला आहे का. हा शेवटचा मुद्दा सोडू नका, अर्धं शिक्षण तिथेच होतं.

वार, वेळ आणि ऋतू

जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाच्या आसपास. उगवल्यानंतरचा दीड-दोन तासांचा वेळ सोन्यासारखा. दुपारी एक ते साडेतीन-चार पणजी, म्हापसा, मडगाव इथली बरीच दुकानं बंद असतात. ऊनही डोक्यावर असतं, म्हणून त्या वेळेची फेरी घेऊ नका. तुम्हीही जेवा आणि झोपा. रविवारी पणजीचा बाजारभाग ओस असतो, पण सकाळच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघालेली कुटुंबं, ठेवणीतले कपडे, हातात छत्री असं काही हवं असेल तर रविवारच बरा.

पावसाळ्याला घाबरून जाऊ नका. जून ते सप्टेंबर पर्यटक कमी, रस्ते ओले, रंग गडद, आणि छत्र्यांमुळे साधा चौकही भरलेला दिसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा पणजीसमोर नदीपलीकडे असलेल्या मालीमच्या जेटीवर ट्रॉलर ओळीने बांधलेले दिसतात. इतर वेळी या जेटीवर कुणाला मान वर करायला सवड नसते. बंदीच्या दिवसांत मात्र जाळी दुरुस्त करत बसलेले कामगार तुमच्याशी दोन शब्द बोलतील.

सणांच्या तारखा वाटाड्याकडूनच घ्या. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-वेलींच्या चौकटीच्या सामानाचा, बाजार भरतो. सुपाऱ्यांचे घोस, रानातली फळं आणि वेली विकायला आडगावची माणसं फोंडा, म्हापसा, डिचोलीच्या रस्त्यावर येऊन बसतात. रस्त्यावरच्या फोटोंसाठी गोव्यातला याच्याइतका समृद्ध बाजार मला दुसरा माहीत नाही. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करायला पुरुमेंताची फेस्तं भरतात, तिथे सुकी मासळी, मिरच्या, सोलं यांचे ढीग लागतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला होतो. त्याला जायचं तर कॅमेऱ्यावर प्लास्टिक बांधा आणि स्वतःलाही चिखल लागणार हे धरूनच चला.

सामान

कमी घ्या. एक छोटा कॅमेरा आणि ३५ मिलिमीटरच्या आसपासची एक लेन्स पुरते. मोबाइल असेल तरी काहीही बिघडत नाही, उलट मोबाइलकडे कुणी वळूनही बघत नाही. ७०-२०० सारखी लांब लेन्स खोलीत ठेवा. तिच्यामुळे तुम्ही लांब राहता, आणि ज्याला दुरून टिपताय त्याला आपल्यावर नजर ठेवल्यासारखं वाटतं.

पिशवीत एक जास्तीची बॅटरी, लेन्स पुसायचं सुती फडकं, प्लास्टिकची पिशवी आणि पाणी असू द्या. मासळी बाजाराची फरशी कायम ओली असते, तेव्हा न घसरणाऱ्या चपला घाला. वाटेत देऊळ किंवा चर्च लागणारच, म्हणून खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे बरे. एक गोष्ट नवखे हमखास विसरतात: एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेरच्या दमट हवेत काढला की लेन्सवर धुकं बसतं आणि पहिली वीस मिनिटं वाया जातात. निघायच्या अर्धा तास आधी पिशवी बंद ठेवूनच व्हरांड्यात काढून ठेवा.

सेटिंगबद्दल थोडक्यात. चालत्या माणसासाठी शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, १/२५० सेकंद, दुचाकीसाठी १/५००. उन्हात अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८; आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनक्षमता, ऑटोवर, कमाल ३२०० पर्यंत. फोकस अडीच-तीन मीटरवर बांधून ठेवता आला तर उत्तम, म्हणजे ऐनवेळी कॅमेरा शोधाशोध करत नाही. पांढऱ्याशुभ्र चर्चसमोर कॅमेरा चित्र काळवंडवतो, तिथे एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, एक पायरी वर घ्या. अंधाऱ्या दुकानाच्या दारात बसलेला माणूस टिपताना उलट, एक पायरी खाली. एवढं घरी, आपल्याच गल्लीत दोन दिवस करून बघा. फेरीत बटणं शोधत बसलात तर समोरचं निसटतं.

पणजीची एक सकाळ

आता एक प्रत्यक्ष मार्ग सांगतो. तुमच्या वाटाड्याचा वेगळा असेल, पण काय बघायचं याचा अंदाज येईल.

सुरुवात माळा-फोंतेन्हासमध्ये, उजाडताच. इथली एक साधी भूगोलाची गोष्ट फोटो काढणाऱ्याला फार उपयोगाची आहे. आल्तिन्होची टेकडी या वस्तीच्या पश्चिमेला आहे आणि ओरेम खाडी पूर्वेला. त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन खाडीवरून थेट घरांच्या दर्शनी भिंतींवर येतं, आणि संध्याकाळी सूर्य टेकडीआड लवकर जातो. 'सूर्यास्ताला फोंतेन्हास' असा बेत करून आलेले लोक सावलीत फोटो काढत राहतात. सकाळी सातला तिथे गर्दीही नसते. गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई, शाळेची बस गाठायला धावणारी मुलं, मांजरांना जेवण ठेवणारे म्हातारे गृहस्थ, आणि पदेर.

पदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. मागे टोपली, तिच्यावर प्लास्टिकचा कागद, आणि रबरी भोंप्याचा पोंय-पोंय आवाज. तो सकाळी येतो आणि दुपार कलल्यावर पुन्हा येतो. त्याच्या मागे धावू नका. त्याची वाट रोजची असते आणि वाटाड्याला ती ठाऊक असते. जिथे ऊन रस्त्यावर तिरकं पडतं असा कोपरा धरून उभे राहा. भोंपा ऐकू आला की चौकट ठरवा, म्हणजे मागची भिंत, दार, विजेची तार कुठे येते ते बघून घ्या, आणि त्याला चौकटीत येऊ द्या. शटर १/३० वर आणून त्याच्या वेगाने कॅमेरा फिरवलात तर सायकलस्वार स्पष्ट आणि भिंती पळत्या दिसतील. हे पहिल्याच दिवशी जमेल असं नाही, पण पदेर प्रत्येक दारासमोर थांबतो, त्यामुळे एका गल्लीत चार संधी मिळतात. मी तर म्हणेन, नवख्याने पहिली सगळी सकाळ पदेरालाच द्यावी. उंडे, पोळ्या, कातऱ्याचे पाव घ्यायला प्रत्येक घरातून कोण बाहेर येतं, पिशवी येते की थाळी, हिशेब कसा होतो, हे बघता बघता आख्खी गल्ली समजते.

इथेच सेंट सेबेस्टियन चॅपेल आहे. आतल्या क्रूसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस एके काळी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. वाटाड्याने ही गोष्ट सांगितली तर कॅमेरा खाली ठेवून ऐका. चॅपेलच्या आत प्रार्थना चालू असेल तर बाहेरच थांबा.

घरांच्या बाबतीत एक मर्यादा पाळा. बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओटी, रस्त्याला लागून असते म्हणून ती सार्वजनिक होत नाही. तिथे बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय फोटो नको, आणि तिथे स्वतः जाऊन बसणं तर नकोच. उघड्या खिडकीतून आत कॅमेरा रोखू नका. शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी बंद असेल तेव्हा बाहेरून जरूर टिपा.

साडेआठच्या सुमारास मासळी बाजार गाठा. हा फेरीतला सगळ्यात कठीण आणि सगळ्यात श्रीमंत भाग. आत अंधार, एखाद्या बाजूने येणारा पांढरा प्रकाश, बर्फ, पाणी, आणि इसवण, बांगडे, तारल्यांच्या राशींमागे बसलेल्या बायका. त्यांचा आवाज मोठा असतो, पण तो रागाचा नव्हे, बाजाराचा. पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. वाटाड्या ओळखीच्या मावशीपाशी थांबेल, भाव विचारेल, घरच्यांची चौकशी करेल. तेवढ्यात तुम्ही प्रकाश कुठून येतोय ते बघा. चेहरे कुठल्या जागी उजळतात? गिऱ्हाईक वाकून कल्ले उघडून बघतं तो क्षण कुठून दिसेल? साडेआठ ते दहा विक्रीचा जोर असतो. त्या वेळी बोलायला सवड नाही, म्हणून तेव्हा हात, तराजू, गर्दी, व्यवहार टिपा. चेहरे नंतरसाठी ठेवा, अकराच्या सुमारास बाजार सैल पडतो आणि मग त्याच बायका स्वतःहून बोलावतात. होमस्टेत स्वयंपाकाची सोय असेल तर मासे विकत घ्या. घेतलेल्या माशाएवढी चांगली ओळख दुसरी नाही.

शेजारच्या भाजी-फळबाजारात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांवरून केलेली भित्तिचित्रं आहेत. भिंतीवरची मासेवाली आणि तिच्यासमोरून जाणारी खरी मासेवाली अशी जुळणी सगळेच शोधतात. मिळाली तर घ्या, तिच्यासाठी अडून बसू नका.

दहा वाजता खायला बसा. पातळभाजी, पाव, मिरची आणि चहा. पणजीच्या जुन्या कॅफेंत एकाच टेबलावर अनोळखी माणसं बसतात, तेव्हा शेजारच्याशी मराठीत किंवा कोकणीत बोलायला सुरुवात करा. याच वेळी वाटाड्याला तोवरचे फोटो दाखवा. 'कसे आहेत?' असं विचारलंत तर तो 'बरे आहेत' म्हणेल. त्याऐवजी 'यातले कुठले तीन ठेवशील?' असं विचारा.

अजून ताकद असेल तर नदीपलीकडच्या बेतीला जाणारी फेरीबोट पकडा. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मांडवी ओलांडायला काही मिनिटंच लागतात, पण तेवढ्यात दुचाकीवर बसूनच डुलकी काढणारा, टोपली सांभाळणारी, मोबाइलवर भांडणारा असे सगळे एका उघड्या डेकवर सापडतात आणि बाजूने येणारा नदीवरचा प्रकाश चेहऱ्यावर असतो. एकदा गेलात तर त्याच बोटीने परत या, कारण जाताना जे सुचलं नाही ते येताना सुचतं. बेतीहून मालीमची जेटी जवळच आहे. तिथे ओडिशा, झारखंड, आंध्रकडून आलेले कामगार आहेत. घरापासून लांब, अवघड कामावर असलेल्या माणसाचा फोटो घेताना त्याची संमती मला जास्तच महत्त्वाची वाटते. त्यांच्याशी हिंदीत बोला आणि आधी जेटीवरच्या मुकादमाला सांगून ठेवा.

विचारायचं कसं

स्ट्रीट फोटोग्राफीत विचारून फोटो काढला तर सहजपणा जातो, असं पुष्कळ जण सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. गर्दी, चौक, मिरवणूक यांत प्रत्येकाला विचारणं शक्य नाही आणि गरजही नाही. एका माणसाच्या चेहऱ्यावर फोटो उभा राहणार असेल तेव्हा मात्र विचारावंच. आधी विचारलं आणि मग पाच मिनिटं तिथेच थांबलं तर माणूस तुम्हाला विसरतो, आणि गेलेला सहजपणा परत येतो. घाईत असलेल्यांना हे कळत नाही.

मराठी माणसाला गोव्यात एक मोठा फायदा आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, म्हापसा या भागांत तुमची मराठी सहज समजते, देवळांतली भजनं आणि गावातली नाटकं मराठीत होतात, आणि मराठी वर्तमानपत्र दुकानाच्या फळीवर असतं. तरी पहिलं वाक्य कोकणीत बोला. 'मावशे, एक फोटो काडूं?' एवढं पुरे. पुरुषाला 'बाब', तरुण मुलीला 'बाय', ख्रिस्ती घरातल्या वडीलधाऱ्यांना 'अंकल', 'आंटी' चालतं. 'नाका' ऐकू आलं की हसून कॅमेरा खाली. आग्रह नको, 'फक्त एकच' नको, आणि वळून चोरून तर मुळीच नको. तुम्ही उद्या निघून जाल, पण वाटाड्याला त्याच बाजारात परवा मासे घ्यायला जायचं असतं. फोटो झाल्यावर 'देव बरें करूं' म्हणा.

काढलेला फोटो लगेच दाखवा. मावशी नाक मुरडून 'पुसून टाक' म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसा. त्या 'परत काढ, पदर नीट करते' म्हणाल्या तर तोही काढा. तो तुमच्या कामाचा नसेल, पण त्यांचा असेल.

लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारूनच, आणि शाळेच्या फाटकाशी अजिबात नको. समुद्रकिनाऱ्यावर कॅमेरा घेऊन हिंडायचं असेल तर लक्षात ठेवा, जानेवारी २०२३ मध्ये पर्यटन खात्यानेच सूचना काढली होती: इतर पर्यटकांचे, विशेषतः ऊन घेत पडलेल्या किंवा पोहणाऱ्या माणसांचे, परवानगीशिवाय फोटो काढू नका. नवख्यांना मी समुद्रकिनारा टाळायलाच सांगतो. देवळांच्या गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ नका, आणि बाहेरची पाटी वाचा. दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, तिथे कॅमेरा बंद ठेवा.

पणजीबाहेर

दुसरी फेरी घेणार असाल तर शुक्रवारचा म्हापसा. मोयऱ्याची केळी, गावठी मिरच्या, मातीची भांडी, चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज), फुलं, सगळं एका जागी आणि विकणारे आसपासच्या गावांतून आलेले. इथे सकाळी लवकर जा, दहानंतर चालायलाही जागा नसते.

देवळांची ओढ असेल तर फोंडा तालुका. मंगेशीला सोमवारी संध्याकाळी पालखी निघते, म्हार्दोळला म्हाळसेची रविवारी. आवारातल्या फुलकारणी हातातलं काम न थांबवता गप्पा मारतात, आणि म्हार्दोळच्या जायांच्या फुलांचा मान त्या आपणहून सांगतात. मी याच भागातला, त्यामुळे माझा कल इकडे आहे हे मान्य. पण पणजीत फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाल्यापासून ही आवारं खरोखर जास्त मोकळी वाटतात. पालखीच्या वाटेत मात्र उभं राहायचं नाही, आणि फ्लॅश बंद.

फेरी संपल्यावर

त्याच दिवशी फोटो टाकायची घाई करू नका. एक रात्र जाऊ द्या. मग दोनशेतले वीस निवडा, वीसातले सात. निवडताना स्वतःला एकच गोष्ट विचारा: हा फोटो त्या माणसाला दाखवायला मला संकोच वाटेल का? वाटत असेल तर बाजूला ठेवा. समाजमाध्यमांवर टाकताना फोंतेन्हासच्या घराचं नेमकं ठिकाण जोडू नका, नुसतं 'पणजी' लिहा. फोटो विकायचा किंवा जाहिरातीत वापरायचा विचार असेल तर त्या माणसाची लेखी संमती लागेल, आणि ती मिळवायलाही वाटाड्याच मदत करेल.

ज्यांचे चेहरे घेतले त्यांना प्रिंट द्या. मोबाइलवर पाठवतो असं सांगून कुणी पाठवत नाही, बाजारातल्या बायकांना हे पाठ झालं आहे. पणजी, म्हापसा, मडगावात चार बाय सहाचे फोटो थोड्या वेळात छापून मिळतात. जायच्या आदल्या दिवशी दुकानात जा, प्रत्येकी दोन प्रती काढा, एक त्यांच्यासाठी आणि एक वाटाड्यासाठी. मागे पेन्सिलने जागा लिहा: 'मासळी बाजार, दारातून दुसरी रांग, तारले विकणाऱ्या मावशी'. वेळ असेल तर स्वतः नेऊन द्या, त्या वेळी कॅमेरा खोलीवर ठेवा. वेळ नसेल तर लिफाफा वाटाड्याकडे सोपवा आणि पोचल्यावर कळवायला सांगा.